कुणालाच नको असलेली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. लगेच पुढारी डोळ्यांसमोर आणू नका. जिच्यासाठी माणसं जन्मभर भांडतात ती खुर्ची वेगळी. मी ती, जिच्यावर कुणालाच बसायचं नसतं.

माझा जन्म इकडे तमिळ मुलखात, गिंडीतल्या एका शेडमध्ये झाला. लोखंडी पाइप, वर काळं रेक्झिन, आणि पाय नेहमीच्या खुर्च्यांपेक्षा चांगलेच उंच. तिथून मला एग्मोरला आणलं, जयतीर्थरावांच्या पूल क्लबात. पूल म्हणजे पोहायचा नव्हे हो! निळ्या कापडाचं टेबल, कडेला बॉल पाडायची सहा पॉकेट, आणि हातात लांब काठी. तिला क्यू म्हणायचं. टेबलाच्या एका बाजूला मी आणि पलीकडे माझी जुळी बहीण. मी भरलेली असले की ती रिकामी, ती भरली की मी रिकामी. इतक्या वर्षांत आमचं धड बोलणं झालेलं नाही.

कारण खेळच तसा आहे. नेम लागतोय तोवर खेळत राहायचं. चुकला की गुपचूप येऊन माझ्यावर बसायचं आणि समोरच्याचा नेम चुकायची वाट बघायची. क्रिकेटात निदान पळता येतं, ओरडता येतं. इथे काही म्हणजे काही करता येत नाही. समोरचा एकेक बॉल पाडत जातो आणि आपण बघत बसतो.

मग माणसं काय काय करतात म्हणून सांगू! कुणी आधीच स्वच्छ असलेला क्यू पुसत बसतो. कुणी तहान नसताना पाणी पितो. एकाने तर माझ्या रेक्झिनला नखाने भोक पाडलं, मेल्याने. आणि मनात सगळ्यांच्या एकच जप, चुकू दे, चुकू दे. जिंकणारा फारसा माझ्या वाट्याला येतच नाही. मला ठाऊक आहेत ती माणसं फक्त हरता हरता भेटलेली.

श्रीनिधी त्यांतलीच. जयतीर्थरावांची पुतणी, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात मुरलेल्या मराठी घरातली. हात असा की बघत राहावं. तिला शिकवायला मधुसूदन यायचा. मूळ नाशिकचा, इथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, एके काळचा चांगला खेळाडू. दोघं मराठी, पण एकमेकांचं मराठी ऐकून दोघांनाही हसू फुटायचं. ती 'सगळं'ला 'अस्कं' म्हणायची, तो कशालाही 'लय भारी' म्हणायचा. शेवटी शिकवणं इंग्रजी आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये चालायचं.

"यू डोन्ट लूज ॲट द टेबल," तो तिला कितीदा बजावायचा, "यू लूज इन द चेअर."

ती माझ्या अंगावर बसलेली असताना हे ऐकायचं म्हणजे मला कसं वाटत असेल! पण खोटं नव्हतं ते. टेबलापाशी ती वाघीण, आणि माझ्यावर टेकली की शेळी. समोरचीने दोन बॉल पाडले की ही मनातल्या मनात हरून, घरी जाऊन, अंथरुणावर तोंड फिरवून निजलेलीसुद्धा असायची. मी धरून धरून किती धरणार?

गेल्या वर्षी भारताच्या संघात मुलींची एकच जागा उरली होती. तिच्यासाठीचा शेवटचा सामना आमच्याच क्लबात होता, श्रीनिधी विरुद्ध कीर्तना. कीर्तना अडयारची, शांत पोरगी. बरोबरी होत होत गोष्ट शेवटच्या डावावर आली. जी शेवटचा, नऊ नंबरचा बॉल पाडेल, जागा तिची.

श्रीनिधीचा नेम चुकला. ती येऊन बसली.

इथे एक नियम सांगायला हवा. क्यू दोन तुकड्यांचा असतो, मधे पेचाने जोडलेला. खेळ संपला की पेच फिरवून तो सुटा करायचा आणि पिशवीत ठेवायचा. पण शेवटच्या डावात समोरचा खेळत असताना बसलेल्याने क्यू सुटा केला, तर त्याने हार मानली असं धरतात. मग टेबलावर काहीही होवो.

कीर्तनाने एकामागून एक बॉल पाडले. उरला नऊ नंबरचा, तोही सरळ, पॉकेटच्या समोर. श्रीनिधी माझ्यावरून अर्धी उठली. तिचा हात क्यूच्या जोडावर होता. मागे उभ्या मधुसूदनला राहवलं नाही. सामन्यात बोलायची मनाई, तरी त्याच्या तोंडून हळूच निघालं,

"बस."

क्यूचे दोन तुकडे झाले.

आणि कीर्तनाचा बॉल पॉकेटच्या दोन्ही ओठांवर आपटून तिथेच तोंडाशी थांबला. माझ्या त्या जुळ्या बहिणीनेसुद्धा पाडला असता, इतका सोपा. सगळे श्रीनिधीकडे वळले. पंचांनी तिच्या हातांकडे बोट दाखवलं. एका हातात अर्धा क्यू, दुसऱ्या हातात अर्धा.

कीर्तनाने हात मिळवला, पण तिचाही चेहरा पडला होता. श्रीनिधी मधुसूदनकडे न बघता जिना उतरून गेली.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. काकांना एवढंच म्हणाली, "सरानीच मला पुरे म्हटलं, काका. मग मी कशाला बसूं?" तिचे ते शब्द त्याच्यापर्यंत पोचले तसा मधुसूदनही यायचा बंद झाला. आणि क्लबातली पोरं म्हणायला लागली, ह्या खुर्चीला राशी नाही. म्हणजे अपशकुनी! हरले हे आणि राशी माझी गेली. मला उचलून पाण्याच्या कॅनशेजारी ठेवलं. दिवसचे दिवस माझ्यावर कुणी टेकलं नाही. ज्यांना मी नको होते त्यांचीच मला आठवण यायची. काय म्हणावं ह्याला!

मग एका दुपारी श्रीनिधी आली. क्लब रिकामा होता, काउंटरमागे फक्त जयतीर्थराव. पाणी प्यायली आणि सहज माझ्यावर बसली. तेवढ्यात मधुसूदन जिना चढून वर आला. त्याची नाशिकला बदली झाली होती आणि तो काकांचा निरोप घ्यायला आला होता.

"श्रीनिधी, एकच विचारतो," तो उभ्यानेच म्हणाला, "मी तुला पुरे कधी म्हणालो?"

"म्हटलांत की. 'बस' म्हटलांत. मी ऐकलं."

"अगं बाई!" त्याने कपाळाला हात लावला. "बस म्हणजे खाली बस! उठू नकोस, अजून संपलेलं नाही, असं म्हणत होतो मी!"

काउंटरमागून जयतीर्थराव म्हणाले, "अय्यो. आमच्या घरांत त्याला 'बैस' म्हणतात हो. 'बस' म्हटलं की पोदुम, पुरे, अस्कं झालं."

श्रीनिधी हसली. हसता हसता थांबली. मधुसूदनचे डोळे भरून आले होते. "म्हणजे माझ्या एका शब्दाने तुझी जागा गेली," तो म्हणाला. "सोन्यासारखी संधी. मला माफ कर गं."

आता खरं सांगते, त्या वेळी ती काही न बोलती तरी चाललं असतं. तो दोष घेऊन नाशिकला गेला असता, ती हलकी होऊन घरी गेली असती. मी तर तोंड उघडू शकत नाही. तिने माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"नाही, सर. तुम्ही बोलायच्या आधींच पेच फिरला होता. अर्धा मीच सोडला होता. तुमचा शब्द मागनं आला. मला तो बरा सांपडला."

हे मला त्या दिवसापासून माहीत होतं. पेच फिरल्याची बारीक करकर माझ्या पाठीशीच तर झाली होती.

मधुसूदन पुढे आला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "हे जिला बोलता येतं, ती बसायलाही शिकेल." आणि गेला. ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली, आणि मला तिला जवळ घेता येईना.

दुसऱ्या दिवसापासून तिचा वेगळाच सराव सुरू झाला. मला ओढत टेबलापाशी आणते. नऊचा बॉल पॉकेटच्या तोंडाशी ठेवते आणि अख्खा क्यू मांडीवर घेऊन माझ्यावर बसून राहते. टेबलापाशी कुणी नसतं. ती नुसती बघत बसते. पोरं म्हणतात, डोकं फिरलं. लोक खेळायचा सराव करतात, ही हरायचा करतेय. मला विचाराल तर इतक्या वर्षांत माझ्यावर नीट बसलेलं पहिलं माणूस हेच.

येत्या रविवारी पुन्हा निवड आहे. त्यासाठी नव्या खुर्च्या आल्यात, हातवाल्या, मऊ गादीच्या. आज ती आली, सवयीने माझ्यापाशी थांबली, पाठीवर हात ठेवला. मग सरळ जाऊन नव्या खुर्चीवर बसली. सामना त्याच खुर्चीतून खेळायचा आहे, तिचीच सवय हवी. बरोबरच केलं तिने. तरी मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

माझं काय, मी पाण्याच्या कॅनशेजारी आहे. पण तुम्ही रविवारी एग्मोरला आलात तर माझं एक काम करा. सगळे टेबलाकडे बघत असतील, जिचा नेम लागतोय तिच्याकडे. तुम्ही थोडा वेळ जी बसली आहे तिच्याकडे बघा.