नऊ वसंतांची गळती

सकाळच्या बातम्यांत चिलीच्या दक्षिण टोकावरच्या पुंता अरेनास शहराला अतिनील किरणांचा लाल इशारा मिळाला: अकरा ते तीन उघड्यावर फिरू नका. एलेउतेरिओ बारिआने रेडिओ बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला.

"त्या बटणानं तुझं काय घोडं मारलंय?" त्याची बायको एदेल्मिरा म्हणाली. तिच्या गालावर पट्टी होती. तिथला डाग आठवड्यापूर्वीच डॉक्टरांनी कापून काढला होता. आयुष्यभराचं ऊन, दुसरं काय, असं ते म्हणाले. एलेउतेरिओला ते पटलं नव्हतं.

चाळीस वर्षं तो फ्रीज दुरुस्त करत होता. जुना गॅस काढायचा तर नळी कापायची आणि खिडकी उघडायची. इथला वारा चालत्या माणसाला आडवा करतो, तिथे मूठभर गॅसची काय कथा! पण गेल्या महिन्यात फ्रीज मिस्त्र्यांच्या सरकारी वर्गात एका तरुण बाईने सगळं फळ्यावर मांडलं. हा गॅस सहजासहजी नष्ट होत नाही, वर्षानुवर्षं वर चढत राहतो. खूप उंचावर त्याच्यातला क्लोरीन सुटतो आणि दक्षिण ध्रुवावर हिवाळा संपून ऊन आलं की ओझोन खात सुटतो. एकेक कण हजारोंचा फडशा पाडतो. तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती. बायकोची पट्टी बदलताना तो तिच्या नजरेला नजर द्यायचं टाळायचा.

नऊ वाजता त्रान्सितोबाईंचा फोन आला. चार गल्ल्या पलीकडच्या या म्हातारीचा फ्रीझर बंद पडला होता आणि आत दोन कोकरांचं मांस होतं. हत्यारांची पेटी उचलून तो निघाला. वाटेत तीनदा थांबला, तीनदा परत फिरावंसं वाटलं. शेवटी दारातच त्याने सांगून टाकलं, "बाई, मी नळी कापणार नाही. गॅस ओढून घेणारं यंत्र सोमवारी मिळेल."

"सोमवारपर्यंत कोकरं उठून घरी जातील मिस्त्री!"

"शेजारी वाटा."

"म्हातारपणी धर्म सुचला वाटतं?"

"सुचला."

महिन्याभरात पहिल्यांदा त्याला मोकळं वाटलं. आत किती गॅस आहे ते पाहावं म्हणून त्याने नळीला दाबमापक लावला. काटा शून्यावर होता. वाचवायला काही उरलंच नव्हतं.

गळती कुठे आहे ते पाहायला त्याने नळीत नायट्रोजन भरला आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावला. मागच्या सांध्यावर एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. तो सांधा त्यानेच जोडलेला होता. गळती शोधायला अर्धा दिवस लागतो, गॅस भरायला अर्धा तास. म्हणून दर वर्षी तो इथे येऊन नुसता गॅस भरायचा, चहा प्यायचा आणि घरी जायचा. खिडकीबाहेर सोडला नाही तरी तो सगळा वर आभाळातच गेला होता.

त्याने सांधा घासून पुन्हा जोडला, आता गळत नाही हे पाहिलं आणि मगच गॅस भरला. त्रान्सितोबाईंनी चहा पुढे केला. "नऊ वर्षं झाली हो. दर वसंतात बोलावलं की येता. तुम्ही आहात म्हणून हा डबा चालतोय."

त्याने कप तसाच खाली ठेवला आणि पेटी उचलली.

साडेबाराला तो टोपीशिवाय घरी पोचला.

"डोकं फिरलंय का तुझं? या उन्हात!" एदेल्मिरा ओरडली.

त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मग तिच्या पट्टीकडे बोट केलं. "हे मी केलं."

"अख्ख्या जगानं गॅस सोडला, आणि आभाळाला भोक पाडणारा तू एकटाच शूर?" ती म्हणाली. तो हसला नाही. तेव्हा तिने विचारलं, "अशी आणखी किती घरं आहेत, दर वर्षी भरतोस ती?"

"एकतीस."

"आणि गळती किती ठिकाणी शोधलीस?"

"एकाही नाही," तो म्हणाला. तिचा हात आपोआप गालाकडे गेला. मग तिने खुंटीवरची त्याची टोपी काढली आणि कानांपर्यंत खाली ओढून त्याच्या डोक्यावर बसवली.

"तीन वाजले की नीघ."

तीनला अजून अडीच तास होते. तो टोपी घालूनच, पेटी हातात धरून दाराशी उभा राहिला.