शर्मिष्ठा ऊर्फ किशोरी

कावेरीबाई पालवांची सुनेबद्दल तक्रार एकच होती आणि तीही अकरा वर्षं जुनी. शर्मिष्ठा भांडत नसे.

आमटीत मीठ जास्त पडलंय म्हणावं, तर "बरां आई, उद्यापासून कमी घालतंय." पदर नीट घे म्हणावं, तर पदर नीट. कावेरीबाईंनी आयुष्यभर दिरांशी, जावांशी, एस.टी.च्या कंडक्टरांशी आणि दोन सरपंचांशी भांडून घर उभं केलेलं. त्यांना असली मऊ सून म्हणजे भिंतीवर चेंडू मारावा आणि तो परतच येऊ नये, तसं वाटायचं. वर ती डॉक्टर, आणि तीही ताप न बघणारी. शेजारणी विचारायच्या, "कावेरीबाय, तुमची सून कसली गो डॉक्टर?" काय सांगणार? कधी काजूच्या बोंडवांचं पाणी बाटल्यांत भरून कॉलेजात नेते, कधी खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचते आणि त्या शिजवतसुद्धा नाही.

त्या शुक्रवारी दुपारी शर्मिष्ठा कॉलेजातून आली ती साडी न बदलता थेट अंगणात बसली आणि काजूच्या बिया निवडायला लागली. कावेरीबाई थोडा वेळ बघत राहिल्या. सुनेचा हात चांगली बी उचलून किडक्या बियांत टाकत होता.

"काय झाला?"

"काय नाय, आई."

"काय नाय तर माझी बी कित्याक फुकट घालवतंस?"

तेवढ्यात सर्वेश जेवायला घरी आला. कावेरीबाईंचा हा मुलगा मालवणात मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो आणि बायकोच्या गप्प बसण्यावर त्याचा संसार सुखात चाललेला. त्याने बायकोच्या पिशवीतून डोकावणारा कागद ओढला, ताटावर बसला आणि भात कालवता कालवता वाचायला लागला.

"आवशी, हिका शंभरात एकेचाळीस गुण पडले."

कॉलेजात किनारपट्टीच्या अभ्यासाचं नवं केंद्र होणार होतं. त्याची प्रमुख कोण, यासाठी चार जणांचे अर्ज होते. साठ गुण मिळवणाऱ्यालाच सोमवारच्या मुलाखतीला बसता येणार होतं, आणि हे गुण लावायचं काम कॉलेजने बाहेरच्या एका कंपनीला दिलेलं. कंपनीने प्रत्येकाचे छापलेले लेख मोजले, कुणाबरोबर लिहिले ते मोजलं आणि जगात कुणी कुणी त्यांचा आधार घेतला तेही मोजलं. हे सगळं केंद्र शर्मिष्ठाने तीन वर्षं कागदावर मांडलेलं होतं. बोट कुठली घ्यायची, खाडीचं पाणी कुठे कुठे तपासायचं, सगळं तिचं. आणि आता ते दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार होतं.

"आधार घेतल्यानी म्हणजे काय केल्यानी?" कावेरीबाईंनी विचारलं.

"दुसऱ्यान आपल्या लेखात लिवल्यान, की ह्या आमका पालवांच्या लेखातसून कळला," शर्मिष्ठा म्हणाली, "की तो एक आधार."

"म्हणजे गावात कोण म्हणता, कावेरीन सांगलान म्हणान काजूचो खड्डो दोन हात खणलंय, तसा?"

"तसांच."

"मगे माझे हजार होतले. वाच रे पुढे."

सर्वेशने वाचलं. लेख एकोणीस. बरोबर लिहिणारे सहा. आधार घेतलेले एकशे चौसष्ट. निर्देशांक सात. मग शेरा. तो छापील मराठीत होता म्हणून सर्वेशने आवाज मास्तरासारखा केला: "विषयांत सातत्य दिसत नाही. शिवाय डॉ. शर्मिष्ठा पालव यांचं लेखन किशोरी धुरी या एकाच संशोधिकेच्या कामावर अवाजवी अवलंबून आहे. त्यांनी स्वतःची स्वतंत्र दिशा..."

इथे त्याला ठसका लागला. भाताची शितं कागदावर उडाली. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग आईच्या तोंडाकडे बघून ते हसू तिथल्या तिथे थांबलं.

किशोरी धुरी हे नाव या घरात अकरा वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. तशी आज्ञाच होती. लग्नात ताटातल्या तांदळावर सर्वेशने अंगठीने जे नाव लिहिलं, ते कावेरीबाईंनी निवडलेलं. पालवांच्या घराला भारदस्त नाव पाहिजे म्हणून शर्मिष्ठा. आणि मग साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या होत्या, "आजपासून जुनां नाव जो घेतलो त्येची माझ्याशी गाठ."

"म्हणजे," कावेरीबाई सावकाश म्हणाल्या, "ह्या बाईन त्या बाईचा उष्टा खाल्ल्यान म्हणतत. आणि दोनय बायो तूच?"

"व्हय. लग्नाआधीचे चवदा लेख त्या नावार आसत. कंपनीचो संगणक नावावरसून माणूस ओळखता."

"सांगलंस नाय कित्याक?"

"अर्जात जुन्या नावाक रकानो नव्हतो," शर्मिष्ठा बियांकडे बघत म्हणाली. "आणि तुमी सांगललास, नाव घेवचा नाय."

 कावेरीबाई उठून पडवीत गेल्या. त्यांचंही एक नाव तांदळाखाली गेलं होतं. राधा. राधाच्या नावावर शाळेच्या दोन इयत्ता आणि एक बकरी सोडून काही नव्हतंच, त्यामुळे ते बुजलं तेव्हा कुणाचं काही नुकसान झालं नाही. हिच्या नावावर चौदा लेख होते. म्हणजे चौदा कलमं लावून, फळं धरायला लागल्यावर मधून कुंपण घालून पलीकडची आपली नव्हेत म्हणून सोडून दिली, असं झालं. आणि कुंपण घातलं कुणी, ते कावेरीबाईंना कुणी सांगायला नको होतं.

पण कुंपण कसं काढतात तेही त्यांना माहीत होतं. नवरा वारला तेव्हा सातबाऱ्यावर दाजी पालव होता आणि रेशनकार्डावर परशुराम पालव. तलाठी म्हणाला, हे दोन इसम आहेत. कावेरीबाईंनी तहसिलात सात खेपा घातल्या, आणि आठव्या खेपेला दोन इसमांचा एक इसम करून, मध्ये 'ऊर्फ' घालून, कागद घेऊनच घरी आल्या.

"हरकत घेवची मुदत कधीपर्यंत?"

"उद्या चार वाजेपर्यंत."

"सकाळची गाडी धरूया. लग्नाची पत्रिका घे. पंचायतीचो दाखलोय घे."

शनिवारी दहाला दोघी तहसिलाबाहेर अर्ज लिहिणाऱ्याच्या टेबलाशी होत्या. 'मी, कावेरी परशुराम पालव, प्रतिज्ञेवर लिहून देते की माझ्या सुनेचे नाव मी स्वतः बदलले' हे वाक्य कावेरीबाईंनी दोनदा वाचून घेतलं. अर्ज लिहिणाऱ्याने अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली, ती त्यांनी परत त्याच्याकडे सरकवली आणि एकेक अक्षर कोरून सही केली.

कॉलेजात हरकती ऐकायचं काम गुरुदास सरांकडे होतं. माणूस सज्जन, पण कागदामागे लपणारा.

"आजी, हे मोजमाप शास्त्रीय असतं. त्यात आपण हात घालू शकत नाही."

"हात नका घालू, डोळे घाला," कावेरीबाई कचेरीतली मराठी काढून म्हणाल्या. "तुमच्या कागदात लिहिलंय, ही त्या दुसरीवर अवलंबून आहे. ती दुसरी तुमच्या खुर्चीसमोर बसलीये. विचारा तिला, हिला आधार का देते म्हणून."

सरांनी शर्मिष्ठाकडे बघितलं, पत्रिकेकडे बघितलं, दाखल्याकडे बघितलं. "मॅडम, तुमच्या नोकरीच्या फायलीतही हे असेल की."

"आहे, सर. पण ती फाईल वेगळ्या कपाटात असते."

"शिरा पडली त्या कपाटार," कावेरीबाई म्हणाल्या. कचेरीतली मराठी या शिवीपाशी संपली. "आणि ह्या सातत्य नाय म्हणान कोणी लिवल्यान? आमच्या बागेत बोंडू कुजतत. त्येचा पाणी व्हाळात जाता. व्हाळ खाडयेक मिळता. खाडयेत तिसऱ्यो. किशोरी धुरीन बोंडू बघल्यान, शर्मिष्ठा पालवान तिसऱ्यो बघल्यान. व्हाळ एकच ना! तुमी मधीच बांध घातलास आणि म्हणतास, पाणी खंयसून इला म्हायत नाय."

शर्मिष्ठा सासूकडे बघतच राहिली. बाटल्या भरताना, चिखलाचे पाय धुताना आपण काय बोलतो ते या घरात कुणी ऐकतं, हे तिला माहीत नव्हतं.

सरांनी संगणकावर कंपनीच्या मोजमापात दोन्ही नावं एकत्र टाकली. लेख तेहतीस झाले. बरोबर लिहिणारे तेवीस. आधारांची बेरीज तीनशे पंचाण्णव येत होती, पण त्यातले अडतीस गेले.

"खंय गेले?"

"ते मीच माझ्या जुन्या लेखांचे घेतलले, आई. आपणच आपला नाव घेतलला धरनत नाय."

"ता बराबर. तसा धरला तर गावात सगळेच मोठे होतीत. निर्देशांक किती? सात ह्या नावार, त्या नावार?"

"नऊ."

"म्हणजे सोळा."

"अकरा."

"सात आणि नऊ अकरा? दोन इयत्तेत माका येवढा शिकवल्यानी हा, मास्तर!"

यावर शर्मिष्ठा पुढे सरकली. आणि तिने सासूला चक्क खोडून काढलं. "तशी बेरीज होणा नाय, आई. अकरा म्हणजे अकरा लेख असे, की दर लेखाचो अकरा तरी जणांनी आधार घेतलो. सोळा होवक तसे सोळा लेख व्हये. माझे अकराच आसत. पण अकरा कमी नाय." मग ती सरांकडे वळली. "आणि सर, तो अवलंबून असल्याचा शेरा आजच काढून टाका. मला त्याची लेखी प्रत लागेल. चारच्या आत."

कावेरीबाई खुर्चीत मागे टेकल्या. सुनेचा आवाज फार मोठा नव्हता, पण धार बरी होती.

प्रत मिळाली तीन वाजून दहा मिनिटांनी. गुण अडुसष्ट आणि सोमवारच्या मुलाखतीला अकराची वेळ. दोघी स्टँडवर आल्या, तेव्हा गाडीला अवकाश होता. कावेरीबाईंनी कुळथाच्या पिठाच्या वड्या काढल्या, एक सुनेच्या हातावर ठेवली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. मांडवात बोलल्या होत्या तोच आवाज होता.

"आयक गो किशोरी. नाव बुजवलंय ती चूक माझी. ती मी स्टँपार सही करून कबूल केलंय, आता तेचा काय बोलाचा नाय. पण अकरा वर्सां तू गप बसलंस, ती चूक तुझी, आणि ती माझ्यापेक्षा मोठी. आज त्या सरासमोर माका खोटा पाडलंस, तशी रोज पाड. आमटीतल्या मिठापासून सुरवात कर. मीठ बराबर होता तेव्हाय मी जास्त म्हटलंय."