दीपस्तंभावरून दिसलेलं महाबलीपुरम

सहलीहून परतल्यावर सोपानभाऊंनी आपल्या बेडसे गावच्या देवळापुढं अख्खं महाबलीपुरम उभं केलं. पल्लव राजांचं जुनं बंदर, एकेका धोंड्यातून कोरलेले रथ, लाटांच्या तोंडाशी बसलेलं देऊळ.

"आन् दीपस्तंभावरनं समदं कसं दिसतं, ताटात वाढल्यावानी!"

ते ताट पाहिलं होतं त्यांच्या बायकोनं, मुक्ताबाईनं. वर तीच एकटी गेली होती. जन्मभर गडांच्या गप्पा मारणारे भाऊ जिन्याच्या पहिल्याच वळणावरून घाबरून खाली उतरले होते.

"मावशी, तुमी न्हाई चढला?" शेजारच्या कोमलनं विचारलं.

मुक्ताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "माझं गुडघं कुटं चढू देत्यात? मी खालीच नारळपाणी पीत बसले."

नारळपाणी प्यायले होते भाऊ, तेही दोन.

"भाऊ, वरनं आणखी काय दिसलं?" कोमल भाऊंकडं वळली.

भाऊ मान खाली घालून चपला घालायला लागले.