स्टुटगार्टचा न पुसलेला जनरेटर

मित्रांनो, ज्या दिवशी मानवजातीच्या प्रगतीला नवी दिशा मिळायची होती, त्या दिवशी परीक्षकांसमोर मी दोनदा खोकलो आणि बंद पडलो.

मी एक जुना मुक्त पिस्टनचा जनरेटर आहे. माझा जन्म स्टुटगार्टच्या एका प्रयोगशाळेतला. इतर इंजिनांचा पिस्टन दांड्याला बांधलेला असतो, माझा मोकळा. इकडे स्फोट झाला की तो तिकडे धावतो, तिकडे झाला की इकडे. त्याच्या अंगावर चुंबक, भोवती तारांची वेटोळी, त्यातून वीज. घर्षण कमी, म्हणून इंधनाची बचत. पण मोकळा गडी कुठून माघारी वळेल याचा भरवसा नाही. म्हणून एक संवेदक त्याची जागा बघत राहतो आणि वेटोळी त्याला वेळेवर आवरतात किंवा ढकलतात.

संशोधक रोझविटाबाईंनी माझ्यापायी उमेदीची वर्षं घातली. आठवडाभर त्या मला जुळवत, तरी मी शुक्रवारी गुणी आणि सोमवारी पुन्हा अडेल. परीक्षकांनी शेवटची संधी दिली, तीही सोमवारची. तासभर अखंड चाललो नाही, तर मी भंगारात आणि बाईंचं काम कपाटात.

आमच्याकडे साफसफाई पाळीने होते. ज्याच्या दारावर पाटी लागते, त्याने आठवडाअखेर सगळं लख्ख करायचं. त्या शुक्रवारी पाटी बाईंच्या दारावर होती. मला पुसताना फडकं संवेदकावरून गेलं आणि पडद्यावरचा आकडा सरकला. पिस्टन तर जागचा हलला नव्हता!

"ऑयगेनराव!" बाईंनी सहकाऱ्याला हाक मारली. "मागच्या आठवड्यात हा तुम्ही घासलात?"

"घासला? अहो, चमकवला! तुमच्यासारखं वरवर नाही करत मी."

"म्हणून सोमवारी खोकतो हा. आपणच संवेदक हलवतो आणि वेटोळी भलत्याच वेळी ढकलतात."

त्यांनी संवेदक मोजून जागेवर बसवला, स्क्रू आवळले आणि फडकं बाजूला ठेवलं.

"आणि हे तेलाचे डाग? पाटी तुमच्या दारावर आहे, रोझविटाबाई!"

"असू दे."

ऑयगेनरावांनी भिंतीचा आधार घेतला.

सोमवारी मी तासभर एका लयीत चाललो; वीजही पूर्वीपेक्षा जास्त दिली. मुख्य परीक्षकांनी माझ्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"काम चालू ठेवा," ते म्हणाले. मग हळूच, "साफसफाईची पाळी कोणाची होती?"

"माझी," बाई ताठ मानेने म्हणाल्या.

आता माझी धाकटी भावंडं धावतात. त्यांचे संवेदक पोलादी झाकणाखाली असतात. मी कोपऱ्यात बसून असतो. मित्रांनो, जपणं म्हणजे नुसतं पुसणं नव्हे. हात लावण्याआधी यंत्राचं कुठे काय नाजूक आहे ते बघा. एवढं जमत नसेल, तर निदान माझ्या डोक्यावर कोणी ठेवलेला तो ब्रेट्झेलचा अर्धा खारा पाव उचला. त्याचं मीठ सांडलं की ऑयगेनराव फडकं घेऊन येतात.