बिनझाकणाचे निळे भांडे

मी एक जुने, निळे, बिनझाकणाचे भांडे आहे. मित्रांनो, माझी हकीकत ऐकण्याआधी एवढे कबूल करा की मध्येच नाक मुरडायचे नाही. नाक मुरडणारे मी फार पाहिले आहेत आणि आता मला त्यांचा कंटाळा आला आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याला लांबट आकार दिला, त्यावर निळ्या इनॅमलचा लेप चढवला, पांढरे ठिपके शिंपडले आणि भट्टीत भाजून काढले. माझ्यासारखेच ठिपकेदार झाकण माझ्या डोक्यावर बसवले. आम्ही दोघे जोडीने ओरिसिया हनातिउक हिच्या लग्नाच्या आहेरात आलो. कॅनडातल्या सस्कॅचवनच्या त्या गावात तेव्हा ओव्हनमधल्या मोठ्या भांड्यावाचून संसार सुरूच होत नसे.

मी फार कामाचा होतो. हे मी फुशारकीने सांगत नाही, गावातल्या कोणालाही विचारा. कोबीची वाफवलेली पाने, त्यात भात, परतलेला कांदा आणि शेपू, वरून टोमॅटोचा रस. अशा गुंडाळ्या माझ्यात दाटीवाटीने बसत आणि मंद आचेवर शिजत. चर्चमध्ये लग्न असो, मयताचे जेवण असो की शरदातले गावजेवण असो, ओरिसिया मला टॉवेलात गुंडाळून घेऊन जाई. बिशप आले होते तेव्हा त्यांनी माझ्यातूनच पुन्हा मागून घेतले होते.

आता अडचण अशी की सगळ्या बायकांची भांडी एकाच दुकानातली, सगळी निळी आणि सगळी ठिपकेदार. म्हणून प्रत्येकीने आपल्या भांड्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशने आपले नाव घातलेले असे. चर्चच्या स्वयंपाकघरात नियमच होता की ज्याच्या बुडाला नाव, ते भांडे घरी परत जाणार. ओरिसियाने माझ्या बुडाला नाव घातले, पण झाकणाला घातले नाही. म्हणे, "झाकणाला कशाला? ते भांड्यामागून येतंच."

ते आले नाही. ओरिसियाच्या मुलीचे, लेस्याचे, लग्न होते. पंगत उठल्यावर नवरदेव डेरिल मोठ्या उत्साहाने भांडी उचलायला आला आणि त्याने मला पायरीवर आपटले. माझ्या काठाचा टवका उडाला. त्या गोंधळात झाकण तिथेच राहिले आणि मी एकटाच घरी आलो. तेव्हापासून डेरिलचे आणि माझे जमत नाही. अर्थात त्याला हे माहीत नाही.

झाकणाशिवाय गुंडाळ्या कोरड्या पडतात. म्हणून माझी रवानगी तळघरातल्या फळीवर झाली. कधी माझ्यात कांदे ठेवले, कधी जुन्या बरण्यांची झाकणे. दुसऱ्यांची झाकणे माझ्यात ठेवताना कोणाला काही वाटले नाही.

मग मुर्कोची कंबर धरली. मुर्को म्हणजे ओरिसियाचा करडा बोका. तिचा नवरा गेला तेव्हापासून घरात ती दोघेच. मुर्को म्हातारा झाला आणि त्याच्या वाळूच्या उंच खोक्यात त्याला पाय टाकता येईना. ओरिसिया तळघरात आली, तिने फळीवरून मला उचलले, माझ्या बुटक्या काठावर हात ठेवून माप घेतले आणि म्हणाली, "तूच चालशील."

मित्रांनो, मला वाटले माझे दिवस पालटले. तिने माझ्यात वाळू ओतली.

बिशपांच्या पंगतीतले भांडे मी, आणि मांजराच्या विधींसाठी! मी कितीतरी दिवस धुमसत होतो. पण मुर्को सभ्य होता. तो सावकाश आत येई, आपले काम उरके, वाळू ओढून सारे नीट झाकी आणि बाहेर पडण्याआधी माझ्या काठाच्या टवक्यावर नख घाशी. खर्र, खर्र. रोज तिथेच. डेरिलने केलेली ती जखम कोणाच्या तरी उपयोगाची झाली. हळूहळू मी त्या खर्रची वाट पाहू लागलो. हे मी तेव्हा कोणाजवळ बोललो नसतो.

ओरिसियाचे गुडघे जिना चढेनात तेव्हा घर विकायचे ठरले. लेस्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला नवे घर घेतले होते, तिथे आईला न्यायचे होते. लेस्या मनाने चांगली आहे, पण तिला धुण्याचे वेड आहे. आईला आणि बोक्याला नव्या घरात सगळे छान मिळावे म्हणून तिने मुर्कोची गोधडी सुगंधी पावडरने दोनदा धुतली. त्याची नखे घासायची जुनी फळी फेकली, नवी आणली. मग ती माझ्याकडे वळली आणि तिने मला ब्लीचने इतके घासले की मला माझाच वास येईना.

"आई, हे आता नको हं," ती म्हणाली. "मी त्याच्यासाठी यंत्र आणलंय. वरून बंद असतं, आपोआप साफ होतं."

"मांजराला यंत्र कशाला? त्याला काय कारखाना काढायचाय?" ओरिसिया म्हणाली. "भांडं गाडीत ठेव."

लेस्याने ठेवले खरे, पण नव्या घरी पोचल्यावर मला गॅरेजमध्ये एका कोपऱ्यात सारले. आणि तिथून माझा खरा छळ सुरू झाला. कारण गॅरेजच्या भिंतीपलीकडेच कपडे धुण्याची खोली होती आणि तिथेच मुर्कोला ठेवले होते. मला सगळे ऐकू येत होते.

त्या यंत्राला एक उंच भोक होते आणि तिथून आत उडी मारायची होती. ज्याला पायरी चढवत नाही त्याने उडी मारायची! तरी बिचाऱ्याने प्रयत्न केला. पुढचे पाय आत पडले न पडले तोच ते यंत्र गुरगुरत फिरू लागले. मुर्को जो पळाला तो वॉशिंग मशीनमागे जाऊन बसला. जेवायलाही येईना. गोधडी त्याच्यापुढे टाकली तर तिचा वास घेऊन तो मागे सरला, कारण ती आता कोण्या परक्याची गोधडी होती.

मग व्हायचे तेच झाले. आधी पायपुसणे, मग लेस्याची कपड्यांची टोपली, आणि शेवटी एके सकाळी डेरिलची आरोळी ऐकू आली.

"माझ्या हॉकीच्या पिशवीत! हातमोज्यांवर!"

"त्या पिशवीला आधीपासूनच वास होता, डेरिल," ओरिसिया म्हणाली. "त्याला वाटलं असेल, हीच ती जागा."

"आई, चेष्टा नकोय मला. किती दिवस चालणार हे? माझ्या चुलतभावाच्या शेतावर गोठा आहे, तिथं राहील मजेत. उंदीर आहेत भरपूर."

"सतरा वर्षांचा आहे तो. उंदीर खातील त्याला. आणि थंडी तोंडावर आलीये."

"आई, मी तरी काय करू?" हा लेस्याचा आवाज. "डॉक्टरांनी तपासलं, काही झालेलं नाहीये त्याला. सगळं नवीन आणून दिलं. नुसता हट्ट आहे. रविवारी चर्चच्या जेवणाला डेरिलचे चुलतभाऊ येणार आहेत, जाताना घेऊन जातील."

"मग मलाही सोडा त्या गोठ्यात. मला तरी कुठं तुमच्या न्हाणीघरातला नळ उघडता येतो?" मग ओरिसियाने विचारले, "लेस्या, माझं निळं भांडं कुठंय?"

"असेल गं कुठल्यातरी खोक्यात."

खोक्यात नाही, मी इथे आहे, भिंतीच्या अलीकडे! एवढे रुंद तोंड देऊन देवाने आवाज का दिला नाही, हे मला आजवर कळलेले नाही. माझा काठ बुटका आहे, मी फिरत नाही, मी गुरगुरत नाही, मला दोन हात पलीकडे ठेवा, एवढेच सांगायचे होते. मी तसाच थंड पडून राहिलो. माझ्या आयुष्यात मी एवढा कधी चिडलो नव्हतो.

आणि मग डेरिलने गॅरेज आवरायला काढले. तो सासूबाईंच्या तळघरात कधी उतरलाच नव्हता, त्यामुळे माझी अलीकडची नोकरी त्याला ठाऊक नव्हती. त्याला दिसले एक चकचकीत निळे भांडे. त्याने मला जुन्या बशांबरोबर एका खोक्यात घातले आणि चर्चच्या स्वयंपाकघरात नेऊन आदळले. या माणसाने मला दुसऱ्यांदा आपटले.

शुक्रवारी गुंडाळ्या करायला बायका जमल्या. स्वयंपाकघर पारास्का नावाच्या दणदणीत बाईच्या हाती असते. तिने खोके उघडले, मला उलटे केले आणि ओरडली, "अगं, हे तर ओरिसियाचं! बघा, नाव आहे बुडाला. पण याचं झाकण?"

"ते कपाटावरचं बघ ना," कोणीतरी म्हणाले. "कधीपासून अनाथ पडलंय."

मित्रांनो, ते झाकण माझ्यावर ठेवले आणि टक् आवाज झाला. आम्ही एकमेकांत बसलो. तळघरातल्या फळीवर मी याचीच तर वाट पाहिली होती. बाहेर कोबी वाफाळत होता, शेपूचा वास सुटला होता, पुन्हा एकदा पंगत होती आणि पुन्हा एकदा मी हवा होतो. आणि मला ते नको झाले होते. रविवारी मुर्को गोठ्यात जाणार होता. शिवाय मी कितीही घासलेला असलो तरी पाहुण्यांनी माझ्यातून जेवावे असे माझ्या मनाला पटत नव्हते. पारास्काने झाकण काढून माझ्यात कोबीची पाने अंथरायला घेतली आणि मी असहायपणे बघत राहिलो.

तेवढ्यात ओरिसिया आली. डोक्याला रुमाल, डोळे सुजलेले. तिने मला पाहिले आणि दारातच थांबली.

"पारास्का, हात काढ त्यातून."

"का गं? तुझंच आहे, कोणी पळवत नाहीये."

"त्यात माझा बोका मुतायचा."

कोणाच्या तरी हातातला डाव खाली पडला. मग एका म्हातारीने हळूच विचारले, "गेल्या वर्षीच्या जेवणात हे नव्हतं ना?"

"नव्हतं."

"अरेरे," पारास्का म्हणाली. "मी म्हणत होते, गेल्या वर्षीच्या गुंडाळ्यांत काहीतरी कमी होतं."

बायका हसून हसून टेबलाला टेकल्या. ओरिसिया हसली नाही. तिने माझ्यातली पाने काढून टाकली आणि चर्चला घालायच्या कोटावरच मला छातीशी धरले. "मला कोणीतरी घरी सोडा," ती म्हणाली. "आज मी कामाची नाही."

"अगं, झाकण तरी घेऊन जा," पारास्काने ते पुढे केले.

ओरिसियाने क्षणभर झाकणाकडे पाहिले. "राहू दे. त्याला झाकण चालत नाही."

मीही त्याच्याकडे शेवटचे पाहून घेतले. वाईट वाटले, नाही असे नाही.

घरी लेस्या हातात रबरी मोजे घालून फरशी पुसत होती आणि रडत होती. आईच्या हातात मला पाहून तिने मान खाली घातली.

"त्या यंत्राची पिन काढ," ओरिसिया म्हणाली. "आणि साधी वाळू आण, वास नसलेली. ती आपल्याकडची हिरवी पिशवी आहे ना, तीच."

तिने यंत्र बाहेर काढून मला त्या जागी ठेवले, वाळू ओतली, दार लावले आणि लेस्याला शेजारी बसवले. "हाक मारू नकोस. ओढून काढू नकोस. त्याला ठरवू दे."

बराच वेळ काहीच झाले नाही. मग वॉशिंग मशीनमागून ते करडे डोके बाहेर आले. किती वाळला होता तो! त्याने माझा वास घेतला. मला ब्लीचचा वास, कोबीचा वास, माझा स्वतःचा कुठे? तो मागे सरला आणि माझी आशा सुटली. नवे सगळेच नकोसे झालेल्या त्या जीवाला मीही नवाच वाटलो, याचे मला फार वाईट वाटले.

जाता जाता त्याचा पंजा माझ्या काठावर टेकला. टवक्यावर नख घासले. खर्र.

मुर्को थांबला. कान पुढे झाले. त्याने पुन्हा घासले. खर्र, खर्र. मग त्याने पुढचे पाय आत ठेवले, मागचा एक आला, थोड्या वेळाने दुसराही आला.

मित्रांनो, बिशपांनी पुन्हा मागून घेतले तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

लेस्या कुजबुजली, "मला वाटलं गं, सगळं नवीन असलं की त्याला बरं वाटेल."

"तुला वाटलं. मला नळ नको असला की मी तुझ्याशी भांडते. त्याने कोणाशी भांडायचं? म्हणून तो डेरिलच्या पिशवीत बोलला."

रविवारी चुलतभाऊ आला, पोटभर गुंडाळ्या जेवला आणि हात हलवत परत गेला. मुर्को एका दिवसात सुधारला नाही. ओरिसियाने आपला न धुतलेला स्वेटर त्याला अंथरून दिला, कितीतरी दिवस त्याला त्या एकाच खोलीत राहू दिले, आणि मग एकेक दार उघडले. डेरिल आता पिशवी खुंटीला टांगतो. लेस्याने न्हाणीघरात जुन्या पद्धतीचा नळ बसवून घेतला.

आणि एके दिवशी तिने मला रिकामे केले, नुसत्या गरम पाण्याने विसळले, उलटे केले आणि आईच्या नावाखाली नेलपॉलिशने 'मुर्को' असे लिहिले. तसला लाल रंग आता मिळत नाही म्हणे, म्हणून तिने गुलाबी वापरला. मला तो मुळीच आवडलेला नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी कोणी म्हातारे नव्या घरात राहायला येणार असेल, मग ते दोन पायांचे असो की चार, तर सगळे एकदम धुऊ नका. त्यांची एखादी ओंगळ, टवका उडालेली वस्तू त्यांच्या हाताशी राहू द्या आणि तिच्या बुडाला त्यांचे नाव घाला. नाहीतर एखादा डेरिल येतो आणि आवरायला घेतो.