आजारी पडायचे काम

मी सोयाबीनची एक जुनी जात आहे, मित्रांनो, आणि आता खरोखर थकले आहे. तेवीस वर्षे मी एकच काम करते: आजारी पडते.

संशोधन केंद्राच्या शेतात दर दहा ओळींनंतर माझी एक ओळ असते. तांबेरा नावाचा रोग आधी मला लावतात. माझी पाने तांबडी झाली, की वारा तो रोग शेजारच्या रोपांवर नेतो. यावेळी ती रोपे माझीच नातवंडे होती. त्यांच्या आजोबांकडे तांबेऱ्याला दाद न देणारे जनुक होते, माझ्याकडे नव्हते. नातवंडांत ते कसे उतरले, चारांतली तीन ठणठणीत आणि एक रोगी निघते का, हे केंद्रातल्या संशोधक डॉक्टरबाईंना पाहायचे होते. त्यांच्या निवृत्तीला दोनच हंगाम उरले होते. पाहुणे येत, ठणठणीतांचे कौतुक करत आणि मला बघून नाक मुरडत.

शेतात फवारणी करणाऱ्या मावशींना मात्र माझी दया आली. कोणाला न विचारता त्यांनी माझ्या सगळ्या ओळींवर औषध मारले. खोटे कशाला बोलू, त्या वर्षी हिरवीगार राहून मला फार बरे वाटले.

नातवंडेही सगळी हिरवी राहिली. बाईंचा सहायक तर नाचायचाच बाकी होता. "बाई, एकही रोगी नाही! जिंकलो आपण!"

बाईंनी वाकून माझे पान उलटले. "पण हिला का नाही झाला?"

मावशींचा चेहरा उतरला. "मीच औषध मारलं, बाई. दरवर्षी बघवत नाही हो."

"अहो मावशी, हिलाच रोग झाला नाही, तर तो पसरणार कुठून? मग बाकीच्यांची परीक्षा कसली झाली?"

बाई ओरडल्या नाहीत. बांधावर बसून एवढेच म्हणाल्या, "आता एकच हंगाम उरला." मावशींना तेच जास्त लागले.

पुढच्या हंगामात नातवंडांचे राखून ठेवलेले उरलेसुरले बी पेरले. मावशी रोज यायच्या आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. मी मन लावून आजारी पडले. चारशे रोपांत तीनशे चार हिरवी निघाली, शहाण्णव तांबडी. मोजता मोजता बाईंचे डोळे भरून आले.

सहायक तांबडी रोपे बघून म्हणाला, "ही बिचारी वाया गेली."

"वाया कशी? आजीवर गेलीत," मावशी म्हणाल्या आणि माझ्या सुरकुतलेल्या शेंगा ओच्यात गोळा करू लागल्या.

मित्रांनो, माझी कीव करू नका. माझे मूठभर बी तेवढे नीट वाळवून ठेवा. पुढच्या वर्षी मला पुन्हा आजारी पडायचे आहे.