नदीकडे वळलेली काच

आई नवस बोलली, तेव्हा तो ऐकायला तिच्याजवळ मी एकटाच होतो. मी एक कंदील. तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला काच; म्हणून मला एकाच दिशेला पाहता येतं. त्या संध्याकाळी मुलगा तापाने फणफणला होता. नदीकडच्या खिडकीत मला पेटवून आईने हात जोडले. "माझं लेकरू बरं होऊ दे. रोज कंदील लावीन, आणि या घरात तिला कुणी भूत म्हणणार नाही."

ती कोण, तेही सांगतो. मला घडवलं नावाड्यासाठी. काठ दोन, भाषा दोन, देवही दोन. मी मात्र दोन्हीकडचा. मग काठाकाठात लढाई जुंपली. या काठाचं एक तान्हं पलीकडे अडकलं, तर तिकडचीच एक बाई त्याला उराशी धरून, मी टांगलेल्या नावेने निघाली. शत्रूची नाव समजून या काठच्या आपल्याच लोकांनी दगडांचा मारा केला. नाव उलटली. मूल लोकांच्या हाती लागलं. मीही लागलो. ती नाही लागली.

ते मूल म्हणजे आईचे आजेसासरे. तेव्हापासून तिन्हीसांजेला ती बुडालेली बाई पाण्याकडेला उभी दिसते, ओल्या केसांनी. मी पाहिलीय ना! लेकरू सुखरूप आहे का, एवढंच बघायला येते बिचारी. तिला घर सापडावं म्हणून माझी काच नदीकडे.

मुलगा बरा झाला. माझ्याच उजेडात ही गोष्ट ऐकत मोठा झाला आणि लेखक झाला. आईला कोण कौतुक! पलीकडच्या काठाची एक शिंपीण, त्या बाईच्याच घराण्यातली, अधूनमधून रॉकेलची बाटली घेऊन यायची. "काकू, तेल माझंच हं. आमच्या माणसासाठी आहे."

मग कादंबरी आली. आई चष्मा लावून मोठ्याने वाचायला बसली आणि तिचा आवाज उतरत गेला. पुस्तकातली ती बाई मूल पळवायला आली होती. मेल्यावर पोरांना पाण्यात ओढत होती. आणि मी? ती घरात शिरू नये म्हणून खिडकीत ठेवलेला!

"अरे, तुला सगळं ठाऊक होतं ना?"

"आई, मायाळू भूत कोण विकत घेणार? आणि दगडांचं लिहिलं असतं, तर या काठावर मला कुणी दारात उभं केलं असतं?"

"तिच्यामुळे आपल्याला दार आहे, बाळा."

शेजारीण खिडकीतून म्हणाली, "वहिनी, तुमचं भूत आता आमच्यापेक्षा प्रसिद्ध झालं की!" आई हसली नाही.

शिंपीण आली ती रिकाम्या हातांनी. "काकू, शाळेत माझ्या लेकीला चेटकिणीचं पिल्लू म्हणतात. तुमच्याच घरातून निघालं हे?" शिंपीण परत आली नाही.

पुढे मुलाने मला पुस्तकांच्या दुकानात नेऊन ठेवलं. वात काढून आत लाल बल्ब बसवला, काच कादंबऱ्यांच्या ढिगाकडे केली. ज्याच्या आजारपणात मी जळत राहिलो, त्यानेच माझ्या उजेडाला खोटं बोलायला लावलं. पाण्यात पडलो होतो, तेव्हाही इतका विझलो नव्हतो.

पण आई रोज संध्याकाळी दुकानात येते आणि मला रस्त्याकडे वळवते.

"आजी, उजेड पुस्तकांवर पडायला हवा हो," दुकानदार कुरकुरतो.

"पडेल की उद्या सकाळी. तुम्ही वळवताच ना परत!"

पुस्तक घेणाऱ्याला ती थांबवते. "घ्या, घ्या, माझ्याच मुलाचं आहे. पण खरी गोष्ट माझ्याकडून ऐकून जा." कुणी हसतं, कुणी स्टूल ओढून बसतं. ती दगडांचंही सांगते, आवाज न चढवता.

काल ती सांगत असताना माझी काच रस्त्याकडे होती, म्हणून मला दिसलं. बाहेर शिंपीण उभी होती. आत आली नाही. पण हातात रॉकेलची बाटली होती.

तेव्हा तुम्हीही एक नवस बोला. जिने आपलं लेकरू वाचवलं, तिला भूत म्हणणार नाही आणि म्हणू देणार नाही. आणि त्या दुकानात आलात, तर मला जरा रस्त्याकडे वळवा. बाहेर कुणीतरी उभं असेल.